वातीची जाडी

टोपी उडाली ती गवंड्याच्या डोक्यावरून आणि नाव गेलं आबांचं.

मागच्या उन्हाळ्यात गवंड्याच्या पुतण्याचं लग्न झालं. गवंडी नवी भरतकामाची टोपी घालून सकाळपासून मिरवत होता. ती घट्ट होते आहे हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. घट्ट टोपीचं घट्ट जोड्यासारखंच असतं, ज्याला चावते त्यालाच ठाऊक. दुपारी व्याह्यांच्या म्हाताऱ्या आईपुढे तो वाकला मात्र, टोपी टप्पकन सुटली, अंगणातून घरंगळत गेली आणि पिण्याच्या पाण्याच्या पिंपात जाऊन पडली. व्याह्यांकडच्या बायका तोंडावर हात ठेवून हसल्या. गवंडी हसला नाही. परतताना त्याने ओली टोपी आबांच्या उंबऱ्यावर आणून ठेवली.

"तुमची वस्तू," एवढंच म्हणाला आणि गेला.

एक टोपी उडाली की माणूस डोक्याला दोष देतो. पुढे शिंप्याची टोपी कपाळावर वळ उठवू लागली आणि हिवाळ्यात तिसऱ्या एकाची भुवयांच्या वर अडकून बसली, तेव्हा गावाने कारणही ठरवून टाकलं. आबांची म्हातारी गेली आणि म्हाताऱ्याचा हात गेला.

गाव टोप्यांचं होतं. लग्नाला, बारशाला, मोठ्या सभेत मानाने उभं राहायचं असेल तेव्हा आसपासच्या चाळीस गावांतले पुरुष इथली टोपी घालत. एरवी ती पेटीत. भरतकाम घरोघरी चाले. कोणी वरचा गोल चांदवा भरे, कोणी कडेची पट्टी. पण टोपी बंद करायची, म्हणजे डोक्याचं माप घ्यायचं, पट्टी कापायची, चांदवा जोडायचा, खळ लावून लाकडी साच्यावर चढवायची, ते काम दोनच घरांत होई. एक वरच्या आळीत आणि दुसरं आबांकडे. भरणाऱ्या बोटांची नावं कोणी विचारत नसे. टोपी ओळखली जाई ती बंद करणाऱ्याच्या नावाने.

आबांच्या घरात तीन माणसं होती. आबा स्वतः. त्यांची मुलगी, नवऱ्याशी पटेना म्हणून दहा वर्षांपूर्वी माहेरी परतलेली; सुईशी तिचं चांगलं पटायचं, माणसांशी बेताचंच. आणि सून. मुलगा लांब पुलाच्या कामावर होता, महिन्याकाठी एकदा यायचा, दोन दिवस झोपायचा आणि परत जायचा.

सून बाहेरची. तिच्या माहेरी लव्हाळ्याच्या चटया विणत. लग्न होऊन आली त्या दिवशी नणंदेने तिची बोटं उलटीपालटी करून पाहिली होती आणि म्हणाली होती, "ही बोटं गवताची आहेत. रेशमाला लावशील तर रेशीम दुखेल." तेव्हापासून घरात तिला चटईवाली हेच नाव पडलं. रागात, लोभात, एकच नाव.

सासूबाई होत्या तोवर चटईवालीकडे झाडलोट, पाणी, चूल. त्या गेल्यावर त्यांचं काम तिच्याकडे आलं. ते काम म्हणजे वाती वळायच्या. टोपीची पट्टी दोन पदरी. त्यात उभ्या टाक्यांनी शेजारी शेजारी एकशे वीस अरुंद घरं पाडायची आणि प्रत्येक घरात कागदाची एकेक वळलेली वात पातळ सळईने वर सरकवायची. त्या वातींमुळे पट्टी ताठ उभी राहते. बाहेरून वात दिसत नाही. टोपीतलं सगळ्यात बिनमानाचं काम तेच, म्हणून ते चटईवालीला मिळालं.

ते तिने जीव लावून केलं. पहिल्या महिन्यात नणंद म्हणाली होती, "काय गं, या वाती आहेत का शेळीच्या मिशा? जरा अंग असू दे त्यांना." तिने अंग दिलं. एकसारख्या, गुबगुबीत, टोकाला न सुटणाऱ्या वाती. नणंदेने त्यानंतर काही म्हटलं नाही. त्या घरात काही न म्हणणं हीच शाबासकी होती.

यंदा गिरणीवाल्याच्या मुलाचं लग्न ठरलं आणि तो सोळा टोप्यांचं काम घेऊन आबांकडे आला, तेव्हा गावाला नवल वाटलं. खुद्द आबांनाही वाटलं.

"माझ्या लग्नातली टोपी तुम्ही बंद केली होतीत," गिरणीवाला म्हणाला. त्याच्या भुवयांत पीठ होतं. बोलताना ते डोळ्यांवर उतरे. "म्हणून आधी इथे. पण आबा, आधी माझी एकटी पुरी करा. ती बसली तर बाकीच्या. उगाच सोळा पाहुण्यांच्या सोळा टोप्या उडायला नकोत."

तो हसला. आबाही हसले, पण अर्धेच.

मग ढग आले आणि मुक्कामालाच राहिले. तीन आठवडे धड पाऊस नाही, धड ऊन नाही, नुसती बुरबुर. भिंतींना ओल आली. मीठ पाणी धरू लागलं, काडेपेटीच्या चार काड्या मोडल्यावर पाचवी पेटायची. नणंद खिडकीजवळ बसून पट्ट्या भरत होती, निळ्यावर पांढरी वेल, आणि घामाने सुई घसरू नये म्हणून बोटांना राख लावत होती. आबांनी सोळा डोकी मोजून आणली होती. ते पट्ट्या कापत. डोक्याच्या मापाहून दोन बोटं जास्त, कारण वाती भरल्यावर पट्टी आत ओढली जाते. चटईवाली वळत होती. कागद दमट, बोटं काळी, अंगठ्याचं कातडं सोललेलं. दिवसाला दोनशे वाती झाल्या की तिची पाठ उठताना काटकन वाजायची.

वेळ जाऊ नये म्हणून सोळाही पट्ट्यांत वाती भरून तयार ठेवल्या. गिरणीवाल्याच्या टोपीला तेवढी खळ लावून, साच्यावर चढवून चुलीजवळच्या फळीवर वाळवली. दोन दिवस चूल विझू दिली नाही.

गिरणीवाला आला, दारातच उभा राहिला आणि टोपी डोक्यावर ठेवली. ठेवली म्हणजे ठेवलीच. ती खाली उतरेना. त्याने दोन्ही हातांनी ओढली. कानांच्या वर येऊन ती थांबली. त्याने मान वाकवून पाहिली आणि टोपी पडायच्या आत हात लावून धरली.

त्याने टोपी काढली. कपाळावर लाल वळ उठला होता, पिठामुळे तो जास्तच लाल दिसत होता.

"हवा दमट आहे," नणंद म्हणाली. "दमट हवेत कापड आखडतं."

"असेल," गिरणीवाला म्हणाला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. पण तो आबांच्या खांद्यावर हात ठेवून आजाऱ्याशी बोलावं तसं बोलला. "आबा, तुम्ही आयुष्यभर केलंत. आता कोणी नावं ठेवणार नाही. आठ दिवस थांबतो. नाहीच जमलं तर तयार पट्ट्या वरच्या आळीला देऊ. ते मागून चीर देऊन तुकडा जोडतील."

"ठिगळ," आबा म्हणाले.

"केसांखाली जाईल की ते."

तो गेल्यावर आबा बराच वेळ उंबऱ्यावर बसून राहिले. मग आत आले आणि नणंदेला म्हणाले, "परवा सगळ्या पट्ट्या घेऊन वरच्या आळीला जा. आठ दिवस कशाला? तू त्यांच्यासाठी भरत जा. ते बंद करतील."

"म्हणजे मी त्यांच्या नावाने भरू?"

"मग कोणाच्या नावाने भरशील? माझ्या? माझं नाव पिंपात बुडलं."

नणंदेने हातातली सुई पट्टीत टोचून ठेवली आणि उठून परसात गेली. तिथे घासायची भांडी उरली नव्हती, तरी भांड्यांचा आवाज येत राहिला.

चटईवाली वातींची टोपली पुढ्यात घेऊन बसली होती. तिच्या मनात एक साधी गोष्ट अडकली होती. दमट हवेने कापड आखडतं, ठीक. पण गवंड्याची टोपी तर उन्हाळ्यात उडाली. तेव्हा विहिरीचा तळ दिसत होता. शिंप्याचीही कोरड्या दिवसांतलीच. म्हणजे हवा नव्हे.

मग आबांचा हात? तेही तिला पटेना. भाकरीचे चार सारखे तुकडे करायला सांगितले तर आबा अजून असे करायचे की निवडणाऱ्याची पंचाईत व्हावी.

सोळा टोप्या असल्या की सतरावी पट्टी जास्तीची करून ठेवायची या घराची रीत होती, कुठे सुई चुकलीच तर हाताशी असावी म्हणून. त्या सतरावीत वाती अजून घालायच्या होत्या. चटईवालीने ती फळीवर सपाट अंथरली, दोऱ्याने मोजली आणि दोऱ्याला गाठ मारली. मग वाती घालू लागली. तीस घातल्या आणि थांबून पुन्हा मोजलं. पाऊण बोट कमी. साठ घातल्या, दीड बोट. नव्वद, सव्वादोन. शेवटची एकशे विसावी सरकवून तिने दोरा ताणला तेव्हा गाठीपासून पट्टीच्या टोकापर्यंत तिची तीन बोटं बसत होती. जेमतेम नव्हे, आरामात.

आबा दोन सोडत होते.

तिने पट्टी पालथी करून पाहिली, सुलटी करून पाहिली. एकेका घरात वात कापडाला फुगवते, आणि फुगलेलं कापड रुंदीला तेवढंच कमी होतं. किती? केसाएवढं. डोळ्याला दिसणारही नाही. पण केस एकशे वीस होते, आणि एकशे वीस केस शेजारी शेजारी ठेवले की त्यांचं बोट होतं.

वाती कोणाच्या? तिच्या. सासूबाई गेल्यापासून या घरातली प्रत्येक वात तिने वळली होती. गवंड्याच्या टोपीतली, शिंप्याच्या, सगळ्या.

त्या दिवशी ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही नाही. सांगितलं तर काय होईल हे तिला नीट दिसत होतं. नणंद म्हणेल, गवताची बोटं. वाती हातातून जातील. पुन्हा झाडू आणि घागर. आणि गाव तर काय, बारा महिने तिला पुरवून पुरवून खाईल. न सांगितलं तर कोणालाही कळणार नव्हतं. टोपीत वात दिसतच नाही.

दुपारी ती पाणी द्यायला आत गेली. आबा साच्यांना तेल लावून पोत्यात गुंडाळत होते. कायमचे ठेवून द्यायचे म्हणून. तिला वाटलं ते थांबून काहीतरी वेचत आहेत. पण ते आपला गुडघा मोजत होते. दोरी गुडघ्याभोवती घेत, चिमटीत धरत, मोजपट्टीवर ठेवून आकडा पाहत. पुन्हा गुडघा, पुन्हा आकडा. तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी तोच आकडा येत होता, आणि प्रत्येक वेळी ते स्वतःच्या हाताकडे असे पाहत होते जसं काही तो शेजाऱ्याचा हात आहे.

तिने पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"आबा, तुमचं माप बरोबर आहे."

"असू दे गं."

"असू दे नाही. बरोबर आहे. माझ्या वाती जाड आहेत."

आबांना आधी कळलंच नाही. तिने सतरावी पट्टी आणली, गाठीचा दोरा आणला. घाईघाईत बोलली, मध्येच अडखळली, बोटं दाखवली, पुन्हा मोजून दाखवलं. दारात नणंद केव्हा येऊन उभी राहिली तिला समजलं नाही.

"काहीतरीच," आबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "चाळीस वर्षं मी दोन बोटं सोडतोय. माझा बाप दोन सोडायचा. वात ती वात. कागद काय माझी टोपी लहान करणार?"

"मग सासूबाई होत्या तेव्हा का नाही उडाली एकही?"

चटईवालीला वाटलं, आता मेले. सासऱ्याला असा प्रश्न विचारलेला तिने कधी ऐकला नव्हता, आणि विचारणारी तीच होती.

"आईच्या वाती होत्या तरी केवढ्या?" नणंद सावकाश म्हणाली. प्रश्न कोणालाच नव्हता. "मी रोज पाहायचे. पण किती जाड, ते आता सांगता येत नाही."

ते कोणालाच सांगता येत नव्हतं. सासूबाईंनी वळलेली एकही सुटी वात घरात उरली नव्हती. वळलेली वात टोपीत जाते आणि टोपी लोकांच्या घरी.

आबा उठले. पेटीतून त्यांनी आपली स्वतःची टोपी काढली, म्हातारीच्याच हातच्या वातींची. तांबूस, वेल विटलेली, आतून घामाने काळवंडलेली. तिला एरवी ते कोणाला हात लावू देत नसत. त्यांनी ती मुलीच्या हातात दिली.

"खालची शिवण उसव."

"बाबा, तुमची ही—"

"उसव म्हटलं ना. मला बघवणार नाही, पण मी बघतो."

नणंदेने कात्रीच्या टोकाने शिवण सोडवली. इतक्या वर्षांच्या घामाने खळ कधीच मेली होती. चिमट्याने धरून ओढलं की वात सुळकन बाहेर येत होती. पिवळी पडलेली, पण पीळ तसाच.

चटईवालीने एक वात दोन बोटांत धरून पाहिली आणि ठेवून दिली. "अशी नाही कळायची."

"मग कशी कळते?" नणंदेने विचारलं, आणि पहिल्यांदाच त्यात टोमणा नव्हता.

"आमच्याकडे लव्हाळं एक एक मोजत नाहीत. एका काडीत फरक दिसत नाही. वीतभर जागेत शेजारी शेजारी लावतात आणि किती बसल्या ते मोजतात."

तिने फळीत दोन सुया उभ्या ठोकल्या, मध्ये दोन बोटांचं अंतर. त्या अंतरात सासूबाईंच्या वाती एकमेकींना चिकटवून लावल्या. चोवीस बसल्या. त्या काढून तिने स्वतःच्या लावल्या. विसावी लावल्यावर एकविसावीला जागाच नव्हती. तिने दाबून पाहिली. फळीवरची सुई वाकली.

आबांनी स्वतः मोजलं. बोट ठेवत, ओठ हलवत, दोनदा. चोवीस आणि वीस.

"म्हणजे मी दोन बोटं सोडायचो," ते म्हणाले, "ती तिच्या वातीची."

मग ते हसायला लागले. आधी आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. मुलगी आणि सून घाबरून एकमेकींकडे पाहू लागल्या. "चाळीस वर्षं मला वाटत होतं माप माझं आहे," ते डोळे पुसत म्हणाले. "एकदा तरी बोलायचं की नाही तिने!"

"तिला तरी कुठे ठाऊक होतं?" नणंद म्हणाली. मग ती सुनेकडे वळली. "आणि तुला गं, अंग असू दे वातींना, हे सांगणारी कोण होती? मीच ना? मग एक दिवस तोंड शिवून का बसलीस? माझं नाव तरी घ्यायचंस."

"तुमचं नाव घ्यायला धीर झाला नाही, वन्सं."

"झाला नाही म्हणे. माझ्या बापाला माझ्यादेखत उलटून विचारलंस तेव्हा कुठून आला धीर?"

पट्ट्या कापून झाल्या होत्या, त्या वाढणार नव्हत्या. दुरुस्त करण्यासारखी एकच गोष्ट होती. सोळा पट्ट्यांतल्या सगळ्या वाती काढायच्या आणि बारीक वळून पुन्हा भरायच्या. सोळा गुणिले एकशे वीस. एकोणीसशे वीस. चटईवालीने आकडा तोंडाने केला आणि कोणालाच खरा वाटेना, म्हणून पुन्हा केला.

सहा दिवस उरले होते. चूल सकाळी एकदाच पेटायची, सकाळचंच दुपारी खायचं. काढताना कापड फाटू नये म्हणून वात आधी फिरवायची, मग ओढायची. ते काम आबांनी घेतलं. कागद त्यांनीच फाडून दिला, पूर्वीपेक्षा अरुंद पट्टीचा. नणंद वळायला बसली आणि पहिल्या तासात तिच्या वाती अशा झाल्या की आबांनी एक उचलून उजेडात धरली.

"ही वात आहे का गांडूळ?"

"हसा. सुई धरा म्हणावं मग कळेल."

"कोणाला म्हणावं? मला? मी काय म्हटलं?"

"गांडुळाला सुद्धा एकसारखी जाडी असते," चटईवालीच्या तोंडून निघून गेलं, आणि ती दचकली. पण नणंद तिच्याकडे पाहून फिस्सकन हसली. दहा वर्षांत ती अशी हसलेली भिंतींनीही ऐकली नव्हती.

फळीवरच्या दोन सुया तशाच ठेवल्या होत्या. प्रत्येक शेकडा झाला की त्यातून उचलून मध्ये लावायच्या. तेवीस भरल्या तर सगळा शेकडा पुन्हा. पंचवीस झाल्या तरी पुन्हा, कारण फार बारीक वातीने टोपी ढिली होते. दुसऱ्या दिवशी चटईवालीच्या अंगठ्यातून रक्त आलं. नणंदेने तिचा हात ओढून घेतला, जखमेवर हळद दाबली आणि चिंधी बांधली. बांधताना ती बोटं तिने क्षणभर उलटीपालटी करून पाहिली. बोलली मात्र नाही.

गिरणीवाल्याच्या टोपीला खळ लागलेली होती. ती कोमट पाण्यात भिजवली, वाती लगदा होऊन निघाल्या आणि निळ्या कापडावर रंग उतरतो की काय म्हणून तिघंही श्वास धरून पाण्यात बघत बसले. उतरला नाही.

कामाच्या पाचव्या दिवशी सकाळी ऊन पडलं. आबा बाहेर गेले, आकाशाकडे पाहून परत आले आणि कोणालाही न सांगता साच्यांवरचं पोतं सोडायला लागले. दुपारपर्यंत अंगणात सोळा लाकडी डोक्यांवर सोळा निळ्या टोप्या चढल्या होत्या. शेजारच्या कोंबड्या त्यांच्याभोवती मान वाकडी करून फिरत होत्या. घराची सावली टोप्यांवर आली की तिघांनी साचे उचलून पुढे सरकवायचे, असं संध्याकाळपर्यंत चाललं.

मुदतीच्या आठव्या दिवशी आबा टोप्यांची पाटी घेऊन निघाले आणि दारात थांबले. "चल," ते सुनेला म्हणाले.

"मी? वन्सं जातील ना."

"वन्संचं भरतकाम लोकांना दिसतं. तुझं दिसत नाही. म्हणून तू चल."

गिरणीत पट्टा बंद केला होता. सोळा पुरुष दाण्यांच्या पोत्यांवर बसले होते, काही येऊन नुसते बघत उभे होते. त्यांत गवंडीही होता. कोणाचं हसू उघड होतं, कोणी ते मिशीत ठेवलं होतं. गिरणीवाल्याने आपली टोपी घेतली आणि दोन्ही हातांनी ओढायच्या तयारीत डोक्यावर ठेवली. ओढायची वेळच आली नाही. टोपी खाली उतरली आणि कपाळावर जिथे थांबायची तिथे थांबली. तो वाकला, उजवीकडे, डावीकडे. मग उड्या मारल्या. पोत्यांवरून पीठ उडालं, टोपी हलली नाही.

दुसरी बसली. तिसरी, चौथी. तेराव्याला गडबड झाली. गिरणीवाल्याच्या मेव्हण्याची टोपी घसरून सरळ नाकावर आली. आबा पुढे झाले, टोपी उचलली आणि डोकं पाहिलं.

"माप घेतलं तेव्हा इथे जंगल होतं. ते कुठे गेलं?"

"काल कापलं," मेव्हणा ओशाळून म्हणाला. "लग्नासाठी."

"मग लग्न महिनाभर पुढे ढकला," आबा म्हणाले, आणि गिरणी हसली. आतून एक पदर कापडाचा लावून देऊ असं ठरलं. उरलेल्या तिन्ही बसल्या.

गवंडी पुढे आला. "आबा, हात परत आला म्हणायचा."

"हात कुठे गेला नव्हता. वाती बदलल्या होत्या आणि मी माप बदललं नाही. चूक माझी."

"नाही," चटईवाली म्हणाली. एवढ्या पुरुषांत आपला आवाज तिला परका वाटला, पण तो निघाला होता. "वाती माझ्या होत्या. मी जाड वळल्या. तुमच्या टोपीतल्यासुद्धा."

"मापवाल्याने पाहायला हवं होतं," आबा म्हणाले.

"वळणारीने विचारायला हवं होतं."

"हिचं ऐकू नका, ही—"

"अरे थांबा," गिरणीवाला डोक्यावरच्या टोपीला हात लावत ओरडला. "माझ्या हयातीत चूक दुसऱ्याच्या गळ्यात घालणारी घरं पाहिली. ती ओढून घ्यायला भांडणारं हे पहिलंच." जाताना गवंडी चटईवालीजवळ थांबला आणि म्हणाला, "माझी तुमच्याकडेच पडून असेल, तीही करून द्या. भिजलेली होती, चालेल?"

"चालेल. भिजवावीच लागते."

परतताना पाटी रिकामी होती आणि ती आबांनी उलटी डोक्यावर घेतली होती. ओढ्याच्या उतारावर गवताचा भारा घेतलेला एक माणूस समोरून आला. पलीकडच्या गावचा. त्याने भारा खाली टाकला.

"टोपीवाले आबा ना? बरं झालं भेटलात. थोरल्या मुलाचं जमलं. मला एक टोपी पाहिजे. येऊ का उद्या माप द्यायला?"

"उद्या कशाला," आबा म्हणाले. "ही घेईल."

माणसाने चटईवालीकडे पाहिलं, मग आबांकडे. तिनेही आबांकडे पाहिलं. ते रस्त्याकडेच्या दगडावर बसून जोड्यातला खडा काढण्यात गुंतले होते. इतका वेळ लागणारा खडा कुठे नसतो.

तिच्याकडे दोरी नव्हती. तिने खाली वाकून भाऱ्याची मोकळी लोंबणारी दोरी धरली, दीड हात तोडून घेतली आणि चुरगळलेले तंतू ओढून सरळ केले. माणूस तिच्याहून वीतभर उंच होता.

"खाली बसा," ती म्हणाली.

तो भाऱ्यावर बसला. त्याच्या डोक्याला गवताचा आणि उन्हाचा वास येत होता. तिने दोरी भुवयांच्या वरून घेतली, कानांच्या वरून मागे नेली, मानेवरच्या खळग्याच्या जरा वर चिमटीत धरली. त्याने कोण येतंय ते बघायला मान वळवली आणि दोरी सरकली.

"हलू नका," ती म्हणाली आणि पहिल्यापासून सुरू केलं.